लहरींचे परवाने : तारेच्या कायद्यापासून डिजिटल रेडिओपर्यंत

झाशीला रेल्वेच्या बाजूची जी वस्ती आहे, तिच्यातील नगरा या भागात माझ्या आजोबांचे घर होते. झाशीतील मराठी माणसांचे दोन थर सांगता येतात. एक नेवाळकरांच्या काळापासून शहरात स्थिरावलेल्या घराण्यांचा. दुसरा रेल्वेच्या नोकरीमागून आलेल्यांचा. झाशी विभाग आधी जीआयपी रेल्वेत, मग मध्य रेल्वेत होता, मुख्यालय मुंबईला. २००३ साली हा विभाग उत्तर मध्य रेल्वेकडे गेला. तोवर मुंबई, भुसावळ, नागपूर आणि झाशी यांच्यामध्ये बदल्यांची ये-जा चालूच असे. आजोबा या दुसऱ्या थरातले.

त्यांच्या कागदपत्रांच्या पेटीत एक लहानशी पुस्तिका सापडली. टपाल-तार खात्याने दिलेला रेडिओ ऐकण्याचा परवाना. आत दर वर्षाच्या शुल्काची तिकिटे चिकटवलेली आणि त्यांवर टपाल कार्यालयाचे गोल शिक्के. विद्यार्थ्यांना ही पुस्तिका दाखवली की पहिला प्रश्न हमखास येतो : रेडिओ लावायला परवाना कशासाठी? प्रक्षेपण करणाऱ्याला परवाना लागावा हे समजते, ऐकणाऱ्याला का?

हा प्रश्न आज विचारण्यास कारणही आहे. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, खासगी प्रसारकांसाठी डिजिटल रेडिओ धोरणाच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई ही चार महानगरे आणि पुणे, नागपूर, लखनौ, कानपूर यांसह नऊ मोठी शहरे अशा तेरा ठिकाणी नव्या वाहिन्या एकाच वेळी जुन्या व डिजिटल अशा दोन्ही रूपांत सुरू कराव्यात, असे त्यांत म्हटले आहे. एका वारंवारतेच्या जागेवर एक जुनी ॲनालॉग वाहिनी, तीन डिजिटल वाहिन्या आणि एक माहितीवाहिनी. वर्तमानपत्रांत ही बातमी व्यापाराच्या पानावर आली. माझ्या मते ती विज्ञानाच्या आणि इतिहासाच्या पानावरही यावयास हवी होती. कारण आपल्याकडील रेडिओच्या प्रत्येक कायद्यामागे त्या त्या काळातील भौतिकशास्त्राची एक समजूत उभी आहे. समजूत बदलली तरी कायदा मागे रेंगाळतो, आणि त्या अंतरात कोणाचा तरी आवाज अडकतो.

१. तारेसाठी केलेला कायदा

भारतातील प्रसारणाचे मूळ १८८५च्या भारतीय तार अधिनियमात आहे. तो कायदा झाला तेव्हा हाइन्रिश हर्ट्झचे विद्युतचुंबकीय लहरींवरील प्रयोगसुद्धा झालेले नव्हते. जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात बिनतारी लहरींचे प्रात्यक्षिक दाखवले ते १८९५ साली, कायद्यानंतर दहा वर्षांनी. तरीही त्या कायद्याच्या चौथ्या कलमाने ‘तार’ उभारण्याचा, बाळगण्याचा व चालवण्याचा एकाधिकार सरकारला दिला, आणि पुढे याच कलमाच्या आधारे प्रसारणाचे सर्व परवाने दिले गेले.

तारेबाबत एकाधिकाराला काही अर्थ होता. तार खांबांवरून जाते. तिचा मार्ग ठरलेला, दोन टोके ठरलेली. लहर मात्र सगळीकडे पसरते. एका ठिकाणाहून निघालेला संदेश कोणीही ऐकू शकतो, आणि तोच रेडिओचा खरा गुण आहे. १९२३च्या जून महिन्यात बॉम्बे रेडिओ क्लबच्या हौशी मंडळींनी मुंबईत कार्यक्रम प्रक्षेपित केले, त्याच वर्षी कोलकात्यात आणि १९२४ साली मद्रासेत तसे प्रयत्न झाले, तेव्हा हा गुण पहिल्यांदा आपल्याकडे अनुभवास आला. २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. पुढच्याच महिन्यात कोलकाता केंद्र सुरू झाले.

कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा आधार ऐकणाऱ्यांचे परवाना-शुल्क हा होता : वर्षाला १० रुपये. परंतु लहर परवाना पाहून घरात शिरत नाही. पैसे न भरता ऐकणाऱ्याला अडवण्याचा भौतिक मार्गच नव्हता, आणि परवाने काही हजारांपलीकडे गेले नाहीत. १९३०च्या मार्चमध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि १ एप्रिलपासून सरकारने केंद्रे आपल्या हाती घेतली.

भौतिक मार्ग नाही म्हटल्यावर कायद्याचा मार्ग काढण्यात आला. १९३३चा भारतीय बिनतारी तार अधिनियम १ जानेवारी १९३४ पासून अमलात आला. त्याने संच नुसता ‘बाळगणे’ हेच परवान्याच्या कक्षेत आणले. लहर अडवता येत नाही, तर तिला पकडणारे यंत्र नोंदवून घ्यावे. माझ्या आजोबांच्या पुस्तिकेचा जन्म या तर्कातून झाला. ऐकणाऱ्यांच्या परवान्याची ही पद्धत १९८०च्या दशकात बंद झाली.

२. बेचाळीस मीटरवरचा आवाज

हा तर्क फक्त पैशापुरता नव्हता, हे १९४२ साली दिसले. दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ साली सरकारने हौशी प्रक्षेपकांचे परवाने रद्द केले होते. ‘चले जाव’ ठरावानंतर नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधने आली, आणि २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईतून काँग्रेस रेडिओचे पहिले प्रसारण झाले. उषा मेहता तेव्हा बाविशीच्या विद्यार्थिनी होत्या. विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर हे त्यांचे सहकारी; शिकागो रेडिओच्या नानक मोटवानी यांनी यंत्रसामग्रीची मदत केली; राममनोहर लोहियांचे मार्गदर्शन होते.

प्रसारण ४२.३४ मीटरवर होत असे. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रकाशाच्या वेगाला या लांबीने भागून पाहावे : सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. हा लघुलहरींचा पट्टा आहे. आयनांबराकडून परावर्तित होऊन ही लहर दूरवर जाते. त्यामुळे मुंबईच्या एका खोलीतून निघालेला आवाज देशभर पोहोचण्याची शक्यता निर्माण होते. पण हाच गुण उलटाही फिरतो. दूरवर ऐकू येणारी लहर दिशाशोधक यंत्रालाही ऐकू येते. म्हणून ही मंडळी सतत जागा बदलत राहिली. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी केंद्र पकडले. उषा मेहता यांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पुण्याच्या येरवडा कारागृहात ठेवण्यात आले.

या अडीच महिन्यांचे स्मरण आपण स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात करतो. वर्णपटाच्या नियमनाच्या इतिहासात मात्र त्याची पुढची बाजू पाहावी लागते : ज्या दोन कायद्यांच्या जगात हे केंद्र बेकायदा ठरले, ते दोन्ही कायदे स्वतंत्र भारताने जसेच्या तसे ठेवले. १९३६ पासून ऑल इंडिया रेडिओ या नावाने ओळखली जाणारी सरकारी सेवा एकमेव प्रसारक म्हणून कायम राहिली. १९५२ साली दळणवळण खात्यात बिनतारी नियोजन व समन्वय विभाग स्थापन झाला. देशात कोणती वारंवारता कोणी वापरायची याचा हिशेब तेव्हापासून तो विभाग ठेवतो.

३. रात्री येणारी मराठी

या एकाधिकाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर चित्र एकांगी होईल.

नगऱ्यातील आमच्या घरी संध्याकाळनंतर रेडिओचा काटा नागपूरकडे वळे. आकाशवाणी नागपूर केंद्राची मध्यमलहर ५८५ किलोहर्ट्झवर, म्हणजे सुमारे ५१३ मीटरवर होती. नागपूर झाशीपासून सरळ रेषेत पावणेपाचशे किलोमीटरांहून अधिक दूर. दिवसा तेथे फक्त खरखर ऐकू येई. सूर्य मावळला की आवाज हळूहळू वर येई, मधेच विरे, पुन्हा परते. आजी म्हणे, “नागपूर आले.” जणू गाडीच फलाटाला लागली.

यामागचे विज्ञान सुंदर आहे. जमिनीपासून साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा आयनांबराचा ‘डी’ थर दिवसा सूर्यप्रकाशामुळे आयनित होतो आणि मध्यमलहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तेथील इलेक्ट्रॉन व आयन पुन्हा एकत्र येतात, थर विरळ होतो, आणि लहरी त्याच्या वर जाऊन अधिक उंचीवरच्या थरांकडून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर उतरतात. आयनांबराच्या या अभ्यासात कोलकात्याच्या शिशिरकुमार मित्र यांचे काम जगन्मान्य आहे. आमच्या घरी मित्र यांचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. पण त्यांचा विषय रोज संध्याकाळी ओसरीवर घडत असे.

ही मराठी झाशीसाठी प्रक्षेपित केलेली नव्हती. कोणत्याही धोरणात नगऱ्यातील मराठी श्रोत्याची नोंद नव्हती. लहरीला राज्याची सीमा कळत नाही, एवढ्यावरच तो श्रोता तगून होता.

४. लहरी कोणाच्या?

१९९३ साली हिरो चषक क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि माहिती व प्रसारण मंत्रालय यांच्यात वाद झाला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत, एस. मोहन आणि बी. पी. जीवन रेड्डी होते. मुख्य निकाल सावंतांनी लिहिला.

निकालाचा गाभा असा : वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती सरकारची नाही आणि पैसेवाल्यांचीही नाही. तिचा वापर लोकहितासाठी व्हावा आणि त्यासाठी स्वायत्त सार्वजनिक प्राधिकरण असावे. १८८५चा कायदा या कामाला अपुरा आहे, हेही न्यायालयाने दाखवून दिले.

या निकालात एक भौतिक गृहीतक होते, आणि ते त्या काळी योग्यच होते. लहरींचा पट्टा मर्यादित आहे. दोन केंद्रांनी एकाच जागी एकच वारंवारता वापरली तर दोघांचाही आवाज बिघडतो. म्हणून वाटप करणारा कोणी तरी हवा. दुर्मिळता हे नियमनाचे कारण होते.

निकालानंतर दारे उघडली, पण तीन वेगवेगळ्या वाटांनी. सार्वजनिक वाट : १९९०चा प्रसार भारती कायदा अखेर १९९७ साली अमलात आला. व्यापारी वाट : खासगी एफएमचा पहिला लिलाव झाला आणि ३ जुलै २००१ रोजी बंगळुरूत पहिले खासगी केंद्र सुरू झाले. दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणारे परवाना-शुल्क अनेकांना झेपले नाही, म्हणून २००५च्या दुसऱ्या टप्प्यात त्याऐवजी उत्पन्नाच्या ४ टक्के वाटा ठरला. २०११च्या धोरणानंतरच्या तिसऱ्या टप्प्यात, २०१५ साली, चढत्या बोलीचा लिलाव झाला. पहिल्या फेरीत ५६ शहरांतील ९७ वाहिन्या सुमारे १,१५७ कोटी रुपयांना गेल्या. खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास मात्र आजही मनाई आहे. आकाशवाणीचे बातमीपत्र तेवढे जसेच्या तसे लावता येते.

तिसरी वाट सामुदायिक रेडिओची. २००२ साली ती शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली लोकसंस्थांना खुली झाली. झाशीपासून जवळच, बेतवेच्या काठी ओरछ्याला २००८ साली ‘रेडिओ बुंदेलखंड’ सुरू झाला. तेथे बुंदेली बोलली जाते, बुंदेली गायली जाते. अशा केंद्राला प्रभावी शक्तीची मर्यादा सर्वसाधारणपणे १०० वॅट आहे. नागपूरच्या मध्यमलहरी प्रक्षेपकाची शक्ती शेकडो किलोवॅटची होती. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की कळते : ज्या भाषेला बाजार नाही, तिला आपल्या व्यवस्थेत जागा मिळते ती दहा-पंधरा किलोमीटरांची.

५. डिजिटल झाल्याने काय बदलते?

जुन्या पद्धतीत आवाजाचा चढउतार थेट लहरीवर चढवला जातो. डिजिटल पद्धतीत आवाजाचे आधी आकड्यांत रूपांतर होते, आणि ते आकडे एकमेकींना अडथळा न करणाऱ्या शेकडो बारीक उपलहरींवर वाटून दिले जातात. प्रत्येक उपलहर सावकाश चालते. त्यामुळे एखादा प्रतिध्वनी थोडा उशिरा आला तरी चिन्हे एकमेकांत मिसळत नाहीत. दोन चिन्हांच्या मध्ये राखीव अवधी ठेवलेला असतो.

डिजिटल रेडिओ मोंडियाल, म्हणजे डीआरएम, या तंत्रात मध्यमलहरींसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारात हा अवधी ५.३३ मिलिसेकंद आहे. तेवढ्या वेळात लहर सुमारे १,६०० किलोमीटर जाते. म्हणजे आकाशातून परावर्तित होऊन वेगवेगळ्या वाटांनी आलेला एकच संदेश, वाटांच्या लांबीत एवढा फरक असला तरी, स्वच्छ वाचता येतो. आजीचे नागपूर ‘येणे-जाणे’ ज्या कारणाने होत असे, त्यावर या तंत्रात मोठा उतारा आहे. आणखी एक गोष्ट : शेजारची दोन केंद्रे तोच कार्यक्रम एकाच वारंवारतेवर देऊ शकतात, एकाची लहर दुसऱ्याला प्रतिध्वनीसारखीच वाटते. जुन्या पद्धतीत त्यासाठी वेगळ्या वारंवारता खर्ची पडत.

म्हणजे जेथे एक वाहिनी मावत होती तेथे तीन-चार मावतात. न्यायमूर्तींनी ज्या दुर्मिळतेवर निकाल उभारला ती संपली असे नव्हे. पण तिचे माप बदलले.

आकाशवाणीने हे ओळखून डीआरएम निवडले. २००९ साली दिल्लीजवळच्या खामपूर येथून लघुलहरींवर डिजिटल प्रसारण सुरू झाले. पुढील दशकात देशभर तिसांहून अधिक मध्यमलहरी प्रक्षेपक डिजिटल-सक्षम झाले. पण ऐकणार कोण? बाजारात संच जवळजवळ नव्हते. जे होते ते महाग. संच नाहीत म्हणून श्रोते नाहीत, श्रोते नाहीत म्हणून संच नाहीत. या काळात खासगी प्रसारकांसाठी धोरणच नव्हते. ट्रायने १ फेब्रुवारी २०१८ रोजी शिफारशी देऊन सविस्तर धोरण आखण्याची गरज सांगितली होती. त्यानंतर खासगी प्रसारकांसाठीच्या धोरणाची सल्लामसलतपत्रिका निघाली २०२४च्या सप्टेंबरात. दरम्यान नॉर्वेने २०१७ साली राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम प्रक्षेपण बंद करून डिजिटलची वाट धरली.

आता शिफारशी आल्या आहेत. देशभर एकच डिजिटल मानक असावे असे ट्रायने सुचवले आहे, आणि ते योग्य आहे. दोन मानके झाली तर संच अधिक महाग होतील. परंतु ट्राय सुचवते, परवानगी माहिती व प्रसारण मंत्रालय देते आणि वारंवारता बिनतारी नियोजन विभाग देतो. १९९५च्या निकालाने सुचवलेले एक स्वायत्त प्राधिकरण तीस वर्षांनंतरही झालेले नाही.

६. उरलेला प्रश्न

२०२३च्या दूरसंचार अधिनियमाने १८८५ आणि १९३३चे दोन्ही जुने कायदे हटवण्याची तरतूद केली. लिलावाशिवाय, प्रशासकीय पद्धतीने वर्णपट देता येईल अशा वापरांची यादी त्याला जोडली आहे आणि तिच्यात सामुदायिक रेडिओचा समावेश आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण जुन्या तर्काची एक सवय नव्या धोरणातही उतरताना दिसते : जागा शहरांच्या प्रतवारीने मोजायची, आणि मोठ्या शहराला आधी.

एफएमची लहर आयनांबर भेदून निघून जाते. ती दृष्टिरेषेपुरतीच चालते. शंभर मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून रेडिओचे क्षितिज सुमारे ४१ किलोमीटरांवर येते. म्हणून पुण्यातील एका जागेवर तीन डिजिटल वाहिन्या झाल्या तरी त्या पुण्याच्याच राहतील. दूर जाणारी डिजिटल लहर मध्यमलहरींची आहे, आणि तिच्याबद्दलचा उत्साह ओसरत चालला आहे.

इंटरनेटवर सगळे मिळते, असे कोणी म्हणेल. मिळते, मीही तेथेच ऐकतो. पण इंटरनेटवर प्रत्येक श्रोत्यामागे वेगळा प्रवाह आणि वेगळा खर्च असतो, आणि पूर-भूकंपात मनोरे व वीज गेली की तो प्रवाह आधी तुटतो. प्रसारणाची लहर एक जण ऐको की एक लाख, तेवढीच शक्ती घेते. शिवाय ती ऐकणाऱ्याची नोंद ठेवत नाही. आजोबांच्या काळात ही नोंद टपाल कार्यालयाच्या शिक्क्याने होत असे. आज ती आपल्या नकळत होते.

म्हणून धोरण अंतिम होण्याआधी एक मागणी विचारात घ्यावी असे मला वाटते. एका वारंवारतेवर तीन डिजिटल वाहिन्या मावणार असतील, तर त्या वाढलेल्या जागेचा काही हिस्सा आरंभापासूनच लिलावाबाहेर, शैक्षणिक व लहान भाषांच्या प्रसारणासाठी राखून ठेवावा. आणि मध्यमलहरींवर झालेली गुंतवणूक मोडीत काढण्यापूर्वी तिच्या पोहोचीचा हिशेब लोकांसमोर मांडावा. तंत्रज्ञानाने मिळालेली ही वाढ कोणा एकाच्या कष्टाची नाही. लहरी सार्वजनिक असतील तर वाढलेल्या लहरीही सार्वजनिकच.

आजोबांची पुस्तिका मी जपून ठेवली आहे. तिच्यातील शेवटच्या पानावर तिकिटांसाठी आखलेले चौकोन रिकामे आहेत. शुल्क भरण्याची गरज संपली तेव्हा ते तसेच राहिले. नगऱ्यातील घर आता आमचे नाही. गेल्या खेपेस झाशीला गेलो होतो तेव्हा उतरलो होतो त्या खोलीत रात्री जुना संच लावून ५८५ वर काटा नेला. शेजारच्या दिव्यांच्या आणि चार्जरांच्या विद्युत गोंगाटात बराच वेळ काही लागले नाही.

आपल्यापैकी कोणाच्या घरी असे परवाना-पुस्तक असेल, किंवा महाराष्ट्राबाहेर राहून रात्री मराठी केंद्र पकडल्याची आठवण असेल, तर गाव, साल आणि केंद्र यांसह येथे अवश्य लिहावे. ज्या श्रोत्यांची नोंद कोणत्याही धोरणात नाही, त्यांची नोंद निदान आपण करू शकतो.